नकलेचा ठसा

क्रेम्नित्सा,
४ नोव्हेंबर १९७८

चि. वेंडेलिन यास अनेक आशीर्वाद.

बाबांचा जिवलग दोस्त कॉर्नेल काका अखेर तावडीत सापडला. पुढच्या रविवारी आपल्या पदकसंग्राहक मंडळात तो राज्याभिषेकाचं चांदीचं स्मृतिपदक मांडणार आहे. टांकसाळीत ठोकलेलं, अस्सल, म्हणे! अरे, ते बाबांचं आहे. परवा त्याच्याकडे काचेआड पाहिलं. घोड्याच्या पायाजवळची खाच मी अंधारात बोटानेही ओळखेन.

ह्याच माणसाने भरल्या सभेत ते साच्यातून ओतलेली नक्कल ठरवलं होतं. नक्कल निघाली की अध्यक्षांनी काठावर ठसा हाणायचा, हा मंडळाचा नियम. तेव्हा केवढा मायाळू झाला होता! मित्राची शोभा नको, ठसा मारू नका, मीच नेऊन टाकतो, म्हणाला. बाबा पुन्हा मंडळाची पायरी चढले नाहीत आणि मान खाली घालूनच जगातून गेले. मी त्याला सोडायची नाही.

खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी पाठवली आहे. बायकोलाही दे, हावरटा.

तुझी ताई,
झेलमीरा

कोशित्से,
८ नोव्हेंबर

ती. झेलमीराताईस कृ. सा. न. वि. वि.

गुंडाळी पोचली, संपलीही. ताई, तमाशा करू नकोस. काकाशी गोड बोल आणि पदक तेवढं मागून घे. बाबांचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही. मला ते होतं तसं हवंय. एवढं धाकट्याचं ऐक, आणि माया आहे तशी असू दे.

तुझा,
वेंडेलिन

क्रेम्नित्सा,
१३ नोव्हेंबर

चि. वेंडेलिन यास अनेक आशीर्वाद.

गोडच बोलले. सगळ्यांदेखत विचारलं, काका, आमच्याकडून नक्कल म्हणून नेलेलं ते हेच ना? म्हाताऱ्यांना सगळं आठवत होतं. अस्सल म्हणावं तर स्वतः चोर ठरतो, नक्कल म्हणावं तर ठसा बसतो. नक्कलच आहे, चुकून मांडली गेली, असं काका पुटपुटला.

अध्यक्ष तेओफिल आजोबांनी हातोडी काढली. पदक अस्सल आहे हे त्यांनाही कळत होतं. हात थांबवून ते माझ्याकडे बघत राहिले. अस्सल आहे, आमचं आम्हाला द्या, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हटलं, हाणा.

घाव पडला तसा काका लहान पोरासारखा रडला. मला इतका आनंद झाला, की घरी येईपर्यंत पुरला.

तो पदक टेबलावरच टाकून गेला. सोबतच्या डबीत आहे. ठसा खोल बसलाय, आता ते कोणी अस्सल मानणार नाही. तुला ते कसं हवं होतं, हे हातोडी उचलली गेली तेव्हा माझ्या मनात होतं. तरी पुन्हा वेळ आली तर मी तेच म्हणेन.

हवं तेवढं रागव. पण मला तोडू नकोस रे.

तुझी,
झेलमीरा