नियॉन पेठचा मुख्य आवाज

३ जानेवारी
श्रीधरचा फोन. बत्तीस वर्षांनी आमचा बँड 'नियॉन पेठ' पुन्हा लाइव्ह. सतरा तारखेला, संध्याकाळी साडेसहा. म्हणाला, आनंद, तू स्टेजवर हवासच. असणारच. पुण्यात न्यू वेव्ह रॉक आणलं कोणी? श्रीधर नुसता ड्रम बडवायचा, तोही कसब्यात तांबट आळीत, भांड्यांच्या ठोकाठोकीत, म्हणून कुणी तक्रार केली नाही. गायचो मी.
संकल्प: रोज सहाला रियाज. दही बंद.

४ जानेवारी, सकाळी ९
थंडी फार. थंडीत आवाज ताणू नये. उद्यापासून.

७ जानेवारी
रियाज केला. आमच्या 'सिग्नल बंद आहे' गाण्यातला वरचा सूर लागला नाही. तीनदा. सुनीती धावत आली, अहो, बरं वाटतंय ना म्हणाली. छत्तीस वर्षं संसार करून बायकोला न्यू वेव्ह कळत नाही.
पण हा सूर गेला तर माझ्याकडे उरलं काय? बँकेतून रिटायर झालेला एक माणूस.

१० जानेवारी
श्रीधरला विचारलं, प्रॅक्टिस कधी? म्हणाला, आमची चालू आहे, तू उगाच दगदग करू नकोस. घाबरतो अजून मला. त्याची मुलगी स्वराली म्हणे हिंजवडीचं ऑफिस करून रोज येते. कोरसला असेल.

१३ जानेवारी
श्रीधरनं माझी माहिती मागवली, जन्मतारखेसकट. पोस्टरसाठी. चार पानं पाठवली. चार ओळी पुरेत म्हणाला. राग आला. दही खाल्लं.

१५ जानेवारी
पोस्टर आलं. त्यात मी नाही. म्हणजे सरप्राइज. कल्पना चांगली आहे. झोप मात्र उडालीय. सुनीती म्हणते, सरळ विचारा की त्यांना. त्यात विचारायचंय काय?
फोन दोनदा हातात घेतला. ठेवला.

१७ जानेवारी, दुपारी ४
लेदर जॅकेटची चेन लागत नाही. उघडंच ठेवणार. तीच माझी स्टाइल.

१८ जानेवारी
हॉल भरलेला. निवेदिकेनं नाव पुकारलं, मी जवळजवळ पळतच स्टेजवर गेलो. तिनं माझ्या चार ओळी वाचल्या. श्रीधरनं जॅकेटवरून शाल पांघरली, एका हातात श्रीफळ, दुसऱ्यात पुष्पगुच्छ. माईक समोर होता, पण धरणार कशानं? 'आमचे ज्येष्ठ सदस्य' म्हणाला, आणि कानात, आता खाली वहिनींशेजारी बस, आम्ही सुरू करतो.
'सिग्नल' स्वरालीनं गायलं. वरचा सूर पहिल्या फटक्यात लागला. आख्खा हॉल उभा राहिला. इतकं वाईट मला आयुष्यात वाटलं नव्हतं. गायली मात्र खरंच छान.
श्रीफळ, पुष्पगुच्छ दोन्ही सुनीतीकडे दिलं आणि टाळ्या वाजवल्या.