सफदला न लावलेला दिवा

सोम. ९ मार्च १९९२, इल्फर्ड
सॅमीच्या ऑपरेशनची तारीख आली. ९ एप्रिल, बर्मिंगहॅम. हृदयाची झडप बदलणार. धाकटा भाऊ एकोणचाळीसचा झाला तरी मला तो शाळेच्या ब्लेझरमध्येच दिसतो. परवा मी मावशीकडे हैफाला निघालेय, तिकीट आधीचंच. रद्द करते म्हटलं तर आई उसळली. "जाच तू! सफदला जा. मोठ्या रब्बींच्या कबरीपाशी दिवा लाव, नाव घे. सॅम्युअल, आई रिबेका. आजाऱ्यासाठी आईच्या नावाने मागतात, विसरू नकोस." नवसही बोलून मोकळी झाली: सॅमी बरा झाला की प्रेषित एलियाहू हनबीच्या नावाने मलिदा, गोड पोह्यांचं ताट. तेलाची बाटली, वाती, सगळं बांधून दिलं. तिकडे वाती मिळत नाहीत जणू.

गुरु. १९ मार्च, हैफा
पुरीमचा सण. मावशीच्या पुरणपोळ्या, चार खाल्ल्या. सफद रोज उद्यावर. रविवारी परतायचं, आता उद्याच जायला हवं.

शुक्र. २० मार्च, हैफा
लिहावंसं वाटत नाहीये. लिहिते.
दहाला पोचले. डोंगरावर कडाक्याची थंडी, दगडी गल्ल्या, निळी दारं. कबरस्तान खाली उतारावर, पायऱ्याच पायऱ्या. आधी चित्रकारांची गल्ली पाहू, दहा मिनिटं, म्हणून एका दारात शिरले. सत्तरीची बाई, मूळची मँचेस्टरची. म्हणाली, "लोक इथे गूढ शोधायला येतात. मला तीस वर्षांत सांधेदुखी सापडली." खूप हसलो. समोर छपरांचं अर्धं चित्र होतं. मी एकदा चित्रकलेच्या क्लासला जायचे हे तोंडातून निघून गेलं. तिने ब्रश हातात दिला. "आकाश तू कर."
आई पडून तिचं सगळं माझ्यावर आल्यापासून, म्हणजे सहा वर्षांत, ब्रश धरला नव्हता.
मान वर केली तर दीड वाजलेला. बाहेर दुकानं धडाधड बंद होत होती. शुक्रवार! दोनला शेवटची बस, मग शब्बाथ, शनिवार रात्रीपर्यंत सगळं बंद. यहुद्याच्या घरात जन्मून, दर शुक्रवारी आईच्या शेजारी उभी राहून शब्बाथचे दिवे लावून, मी शुक्रवार विसरले. पळत कबरस्तानाच्या वरच्या पायरीपर्यंत गेले. खाली रब्बींची निळी रंगवलेली कबर दिसत होती. उतरले असते तर बस गेली असती, एवढंच. एक रात्र कुणीही ठेवून घेतलं असतं. मी बस पकडली.

सोम. २३ मार्च, इल्फर्ड
आई दारातच. "लावलास?"
"हो."
"वारा होता? विझला तर नाही?"
"नाही. बराच वेळ होता."
शेवटचं तिने विचारलंही नव्हतं. ते मी आपणहून जोडलं.

गुरु. ९ एप्रिल, बर्मिंगहॅम
सकाळी आठला नेला. साडेपाच तास. आई प्लास्टिकच्या खुर्चीत शांत बसलेली. "तू सांगून आलीयेस ना तिथे, मग मी कशाला घाबरू?" मी दोनदा टॉयलेटमध्ये जाऊन रडले. मनात एकच: ह्याला काही झालं तर ते माझ्यामुळे. असं काही नसतं हे मला कळतं. कळून उपयोग झाला नाही.
दोनला डॉक्टर आले. छान झालं म्हणाले.

रवि. २४ मे
मलिदा. पोहे, खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, गुलाब. वीस माणसं आमच्या पुढच्या खोलीत. सॅमी कॉव्हेंट्रीहून आला, बारीक झालाय पण गालावर रंग आहे. प्रार्थना झाली आणि आई म्हणाली, "फ्लोरा, सांग सगळ्यांना. कसा लावलास दिवा." आणि मी सांगितलं! वाऱ्याला आडोसा म्हणून मी कोट धरला, शेजारी एक म्हातारा स्तोत्रं म्हणत होता. बायकांनी डोळे पुसले. लाज कशी वाटली नाही? वाटली. तरी सांगतच होते.

बुध. १० जून
आई आज ट्रॅव्हल एजंटकडून कागद घेऊन आली. ब्याऐंशीव्या वर्षी, असले गुडघे घेऊन सफदला जायचंय. "उपकार मानायला नको? तू जिथे लावलास तिथेच मला ने." आधाराला रेलिंग आहे का विचारत होती. मला माहीतच नाही आहे का.

रवि. १४ जून
सॅमी आलाय. आई दुपारची झोपलेली. बागेत त्याला सगळं सांगितलं, शुक्रवार, बस, मलिद्यातला म्हातारा, सगळं. आधी हसला. "म्हणजे आय गॉट बेटर ऑन माय ओन?" मग गवताकडे बघत बसला.
"यू नो ताई, ऑपरेशनच्या आधी मी स्केअर्ड होतो. पण आय थॉट, समबडी हॅज आस्क्ड फॉर मी. ते मला आवडला होता."
मी सॉरी म्हटलं. मनात त्याला विनवत होते: आईला तूच सांग म्हण, नाहीतर अजिबात सांगू नकोस म्हण, काहीतरी म्हण. मी वाट बघत होते.
"पेंटिंग कसा होता?" त्याने विचारलं.
खोटं बोलायची मला आता सवय झालीय. पण ह्या एका प्रश्नाला जमेना.
"फार सुंदर होतं," म्हटलं. "ते तीन तास मला तुझी आठवण एकदाही आली नाही."
त्याने मान हलवली आणि कप विसळायला आत गेला.
आई उठलीय. खालून विचारतेय, सप्टेंबर की ऑक्टोबर. दोनदा विचारून झालं. पायऱ्या उतरायच्याच आहेत, पण काय बोलणार ते अजून ठरत नाही.