रिंगखालची जागा

सर, तुम्ही ज्या वयात गेलात त्याच्या पुढं मी आता आलो आहे, म्हणून आज तुमच्याशी थोडं मोकळं बोलावंसं वाटतं. परवा कामासाठी परभणीला उतरलो आणि स्टेशनवरून चालत शाळेपर्यंत गेलो. आपलं बास्केटबॉलचं कोर्ट होतं तिथं आता वर्गखोल्या आहेत. ओळखीचं कोणी भेटलं नाही. फाटकाशी उभा होतो आणि आठवला तो दिवस, ज्या दिवशी तुम्ही त्या सुदानच्या पोराला पहिल्यांदा मैदानावर घेऊन आलात.

त्याआधीची काही वर्षं तुम्हाला ठाऊकच आहेत. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वस्त्या जाळल्या गेल्या, त्यात आमचं घर गेलं. आई मला घेऊन परभणीला मावशीकडं आली ती कायमचीच. ती मोंढ्यात धान्य निवडायला जायची आणि मी तुमच्या शाळेत. तुम्ही आमचे कवायतीचे सर. माझी उंची बघून तुम्ही मला रिंगखाली उभं केलंत, आणि पुढं मी कॉलेजात गेलो तरी तुमच्या संध्याकाळच्या संघात ती सेंटरची जागा माझीच राहिली. मोर्चे निघत, बाजार बंद राहत, पण कोर्टवर त्याबद्दल कोणी बोलत नसे. तिथं फक्त चेंडू मागायचा आणि चेंडू द्यायचा.

तो सुदानचा पोरगा कृषी विद्यापीठात शिकायला आला होता. काळा कुळकुळीत, सडपातळ, आणि इतका उंच की त्याच्याशी बोलताना तुमची टोपी मागं सरकायची. आपल्या संघातल्या वकिलाच्या मुलानं हसत हसत त्याच्या डोक्यावरून शॉट मारला. त्यानं उडीसुद्धा मारली नाही. हात वर केला आणि झाडाचा पेरू तोडावा तसा चेंडू हवेतून काढून घेतला. दुसऱ्यानं मारला, तोही तसाच. मग हसणं थांबलं. नांदेडची स्पर्धा जवळ आली होती, आणि हा आपल्या संघात आला तर रिंगपर्यंत कोणाचा चेंडू पोचणार नाही, हे सगळ्यांनाच कळलं. मलाही कळलं.

घ्यायचा की नाही हे तुम्ही एकट्यानं ठरवलं नाहीत. तो गेल्यावर आम्हाला लिंबाखाली बसवलंत. कोणी म्हणालं, जिंकलो तरी लोक म्हणतील परभणीला आपलं माणूस मिळालं न्हाई. पाथरीकडच्या बागायतदाराचा मुलगा बराच वेळ गवत उपटत होता. नांदेडला आपला संघ दरवर्षी त्याच्या आत्याकडं उतरायचा. तो म्हणाला, "सर, आत्या विचारणार. ह्याची जात काय सांगू?"

एकदोघं हसले. तुम्ही हसला नाहीत.

"आपला सेंटर इतक्या वर्षांपासून तिथं जेवायलाय," तुम्ही म्हणालात. "त्याची काय सांगितलीस?"

तुम्ही माझ्याकडं बोट केलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तो हळूच म्हणाला, "काहीच सांगितलं न्हाई, सर." तुम्ही माझी बाजू घेतली होती, सर, पण त्या घटकेला मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्या आत्याच्या हातची भाजी मला फार आवडायची.

रविवारी सकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. मी बाहेर पाणी भरायलो होतो. आईनं पोतं अंथरलं, पण तुम्ही चुलीजवळच टेकलात. पूर्वी कधी तुम्ही आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता, आणि ते तुमच्याही ध्यानात होतं असं तुमच्या बसण्यावरून वाटत होतं. तुम्ही आईला सगळं सरळ सांगितलंत. तो आला तर तुमचा पोरगा बाहेर बसेल, मला ते करवत नाही, आणि त्या परदेशी मुलाला सोडवतही नाही.

आईनं हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मग बोलली. "गुरुजी, जागा न्हाई म्हनून गाव सोडलं आमी. आता हितं बी माझ्याच लेकरानं सरकायचं का?"

तुम्ही भाकरी खाल्लीत, ठेचा खाल्लात, डोळ्यांतलं पाणी पुसलंत आणि ते ठेच्याचंच आहे असं म्हणालात. मी दारात उभा होतो. तुम्ही मलाही विचारलंत, आणि मी खाली बघत राहिलो.

पुढच्या रविवारी तुम्ही त्यालाच घेऊन आलात. दारातून येताना त्याचं डोकं पत्र्याला लागलं. आई पहिल्यांदा घाबरली, मग हळद शोधू लागली. मेसमध्ये शिकलेल्या हिंदीत तो म्हणाला, "कुछ नहीं हुआ, अम्मा." त्याच्या आईचं विचारायला तिनं मला सांगितलं. मी विचारलं. त्यानं जमिनीकडं बघत सांगितलं, "लढाई शुरू हुई. गाव जल गया, गाय-बैल ले गए. मां किधर है, मालूम नहीं." मला ते मराठीत सांगावं लागलं नाही. आईनं परात पुढं ओढली आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं. तुम्ही निघताना ती म्हणाली, "घ्या त्याला. पन माझ्या बी लेकराला काहीतरी करायला द्या."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला रिंगपासून लांब, कोपऱ्यात नेलंत. "तू उंच म्हणून मी तुला खांबासारखा रोवून ठेवलो. तुला पळता येतं का, हे कधी बघितलोच न्हाई. चूक माझी हाय." मग अंधार पडेपर्यंत तुम्ही मला लांबून शॉट मारायला लावत होतात. रोज. तो रिंगखाली उभा राहून पडलेला चेंडू मला परत फेकायचा आणि म्हणायचा, "और एक."

नांदेडला आपण त्याच्या जिवावर उपांत्य सामन्यापर्यंत गेलो. आत्याकडं आम्ही उतरलो नाही, तिथल्या एका शाळेच्या वर्गात झोपलो, आणि बागायतदाराचा मुलगा आत्याला न कळवता आमच्यात राहिला. उपांत्य सामन्याला समोरच्या संघानं तक्रार केली की हा खेळाडू जिल्ह्याचा रहिवासी नाही. संयोजकांनी ती मान्य केली. तुम्ही सगळ्यांना कोर्टबाहेर बोलावलंत. "चला, गाडी पकडू. हा न्हाई तर कोणीच न्हाई." तेव्हा त्यानंच तुमचा हात धरला. "सर, खेलो. मैं इधर बैठता." आणि तो खरंच रेघेजवळ मांडी घालून बसला.

आपण हरलो. पण मी कोपऱ्यातून मारलेले शॉट जात होते, आणि प्रत्येक शॉटनंतर तुम्ही माझ्याकडं न बघता त्याच्याकडं बघायचात.

तो पदवी घेऊन गेला. देशात गेला की आणखी कुठं, कळलं नाही. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा तुम्ही नव्हता. त्या दिवशी आईनं गोड केलं, तुमचं नाव काढलं आणि म्हणाली, गुरुजी असते तर जेवायला बोलावलं असतं.

हे पत्र कुठं टाकणार मी? घडी करून कपाटात ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या रविवारी मी खाली बघत राहिलो, तेव्हा तुम्हाला वाटलं जागा जाणार म्हणून मला दुःख झालंय. तसं नव्हतं, सर. गावात जाळपोळ झाली त्या दिवशी आम्ही ओढ्यात लपलो होतो, आणि आई सारखी माझी मान खाली दाबत होती, कारण काठावरून माझं डोकं दिसत होतं. तेव्हापासून उंच असण्याची मला भीती वाटायची, आणि रिंगखाली तर सगळं गाव बघायचं. तो शेजारी येऊन उभा राहिला त्या दिवशी मी पहिल्यांदा बुटका झालो. मला फार बरं वाटलं होतं.