आरजूची कुलूपबंद बातमी

आरजूचे अब्बा,

भाकरी टोपल्यात आहे. मी परतवाड्याले माझ्या बहिणीकडे, आपाकडे चालली, संध्याकाळी येतो.

आरजूच्या पेपरची वर्गणी मी मोबाईलवर भरली, रागावू नका. आपल्या तोडलेल्या संत्र्याच्या बागेवर तिनं लिहिलेली बातमी दोन ओळींवरच अडत होती, पैसे भरल्याशिवाय पुढचं कुलूप उघडेना. गल्लीतल्या बाया म्हणे, "भाभी, फोटो काढून ग्रुपवर टाका ना!" मी म्हटलं, सारे फुकटात वाचतीन तर पोरीची नोकरी राहीन कशी? तिच्या पेपरच्या साहेबानं तिले तसं बजावलंच आहे. रुसल्या साऱ्या.

फोन घरीच ठेवला, बातमी उघडीच आहे. तुमचं नाव नाही त्यात. पण झाडं तोडल्यावरही तुमी बुंध्यांले पाणी देत होते, हे लिहिलं तिनं.

मले नाही सांगितलं तुमी. पोरीले सांगितलं, बरं केलं.

अफसाना