मुकुंदवाडीची खोली सरूबाईला

मी, बानाबाई सूर्यभान गडदे, पूर्वी मेंढपाळ, नंतर बांधकाम मजूर, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, आज जाणतेपणी आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र वकिलांकडून लिहवून घेत आहे.

१. माझी पत्र्याची एक खोली माझ्या पश्चात सरूबाई फकिरा जाधव हिला पूर्ण मालकीने मिळावी. ती नात्यातली नाही, म्हणून कारण नोंदवते.

शेंद्र्याचे कारखाने वाढले तशी या गल्लीत एकेका खोलीत कामगार पोरं दाटीनं राहू लागली. ती मिळून देत तेवढं भाडं आम्हा नवराबायकोला झेपेना. मुलगा मुंजाबा स्वतःच मित्राकडे पथारी टाकत होता. आम्ही उड्डाणपुलाखाली गेलो. यजमानांनी विटेच्या तुकड्यानं जमिनीवर घर आखलं: इथं चूल, इथं दार. वरून गाड्या जात. डोळा लागला की मला वाटे, आमची मेंढरं पुलावरून पाचोडकडं चाललीत, त्यांच्या खुरांची धूळ खाली झरतेय आणि तिच्याच भिंती चढताहेत. पुलाखालीच शेजारी राहणारी सरूबाई त्या आखलेल्या दाराशी थांबून विचारायची, "अक्का, आत येऊ का?" दुसऱ्या कोणी तिथं दार मानलं नाही.

यजमान घाटीच्या सरकारी दवाखान्यात तापानं गेले. तिथं नोंदीसाठी पत्ता विचारला तेव्हा मी सांगितलं, "पुलाखाली, दार उगवतीला." लिहिणाऱ्यानं मान वर केली, मग तसंच लिहिलं.

२. बिडकीनची वडिलांची जमीन कारखान्यांसाठी गेली, तेव्हा भाऊ सांडू म्हणाला, "बहिणीनं हक्क सोडायचा असतो." मी म्हणाले, "भाऊ, मला झोपायला जागा नाय." हक्कसोडीच्या कागदावर अंगठा दिला नाही. मोबदल्यातल्या माझ्या हिश्श्यातून ही खोली घेतली, सरूबाईला सोबत आणलं. सांडू तेव्हापासून बोलत नाही. वडिलांची घोंगडी त्याला द्यावी. थंडीत त्याचे गुडघे धरतात.

३. मुंजाबाचं आता बिडकीनला घर आहे. परवा तो म्हणाला, "आई, परक्या बाईला खोली? विकली तर माझी पोरं शिकतील." मी म्हणाले, "व्हय, शिकतील. पण भाडं तेव्हापेक्षा लई वर गेलंय. मी गेल्यावर ही कुठं जाईल?" तो उठून गेला.

आज आला, तेही लिहवून घेते. मजकूर दोनदा ऐकला. "फकिरातली कि ऱ्हस्व लिहा, तिच्या आधार कार्डावर तशीच आहे. सरूमावशीला पुढं त्रास नको," असं वकिलांना म्हणाला आणि साक्षीदाराच्या सहीसाठी पेन मागितला.

निशाणी डावा अंगठा: बानाबाई सूर्यभान गडदे

साक्षीदार:
मुंजाबा सूर्यभान गडदे (सही)
रामकिसन आसाराम वाघ, शेजारी (सही)

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१२ फेब्रुवारी २०२४