समोर म्हणजे दक्षिणेला

मी, सिंधू जौजे कै. कमलाकांत पातूरकर, वय अंदाजे एकोणसाठ, धंदा घरकाम, राहणार घर नंबर अकरा, विमान कॉलनी, धावपट्टीजवळ, तालुका व जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी प्रकृती बरी आहे आणि डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे कॉलनीत बरेच दिवस बोलले जाते, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून मी हे लिहीत नाही. रागाने लिहीत आहे. रागात केलेले मृत्युपत्र कायद्याला चालते का, हे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, चालते, फक्त अक्षर नीट काढा. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. या कागदात जिथे जिथे 'समोरचे दार' असे शब्द येतील, तिथे दक्षिणेचे, धावपट्टीकडे उघडणारे दार समजावे. सारी कॉलनी त्याला मागचे दार म्हणते. कॉलनीच्या म्हणण्याला या कागदात काही किंमत नाही. हा खुलासा आधीच करून ठेवते, कारण पुढे भांडण लागले तर ते याच एका शब्दावरून लागणार आहे.

कलम २. घर माझे आहे. कपाशीवर विमानातून औषध फवारणाऱ्या कंपनीने आपल्या माणसांसाठी ही कॉलनी बांधली, तेव्हा आम्ही इथे राहायला आलो. यजमान कंपनीत इंजिन मिस्त्री होते. पुढे कंपनीने घरे राहणाऱ्यांनाच विकायला काढली, तेव्हा माझ्या पाटल्या मोडून हे घर घेतले आणि यजमानांनी आपण होऊन ते माझ्या नावावर केले. रजिस्ट्री ऑफिसातल्या कारकुनाने त्यांना दोनदा विचारले, बाईच्या नावावर? ते म्हणाले, "पाटल्या तिच्या हायेत, माह्या नाई." छप्पन सालच्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हे घर पूर्णपणे माझे असून ते कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे. माझा मुलगा चिंतामण वकिलाकडे कारकून आहे, त्याला हे कलम समजावून सांगावे लागणार नाही.

कलम ३. हे घर जमिनीसह, विहिरीच्या हक्कासह आणि समोरच्या दारासह मी माझी मुलगी शकुन हिला देते. चिंतामणला घरात हिस्सा नाही. का नाही, ते लिहून ठेवणे भाग आहे. नाहीतर म्हातारीला मुलीने फितवले असे उद्या हेच लोक म्हणतील.

ज्या साहेबाने ही कॉलनी आखली, त्याने घरांची ओळ धावपट्टीला धरून आखली. धावपट्टी पूर्व-पश्चिम, तिच्या उत्तरेला आमची घरे आणि पलीकडच्या अंगाला विमानांची शेड. त्यामुळे सगळ्या घरांची तोंडे दक्षिणेला झाली. माणसाने सकाळी दार उघडले की समोर आपले काम दिसावे, असा त्याचा हिशेब असावा. पण ताबा मिळाला आणि कॉलनीत कालवा झाला. दक्षिणमुखी घर म्हणजे यमाच्या वाटेवर बसणे. कंपनीचे भांडारपाल मोरोपंत नानोटी घरी पंचांग ठेवीत, मुहूर्तही काढून देत. त्यांनी सर्वात आधी आपले दार विटांनी बुजवले आणि उत्तरेला, मोरीच्या बाजूने, नवे पाडले. वर्षभरात सगळ्यांनी तेच केले. दिवसभर विमानाच्या पोटात हात घालून काम करणारी ही माणसे. पाहुणा आला की त्याला खरकट्या भांड्यांवरून आणि वाळत घातलेल्या धोतरांखालून आत घेऊ लागली. पुढे समोरच्याला मागचे आणि मागच्याला समोरचे म्हणायची सवय झाली.

आमचे दार यजमानांनी बुजवू दिले नाही. मोरोपंत समजवायला आले, तर त्यांच्यापुढे चहा ठेवून यजमान म्हणाले, "पंत, सारी विमानं दक्षिणेलेच उतरून राहिली. यम त्यातच बसून येत असन, तर तुमच्या इकडच्या दाराले काय तो भिते?" मोरोपंतांना ते लागले. चहा तसाच टाकून ते उठले, आणि तेव्हापासून आमचे घर त्यांच्या डोळ्यांत सलू लागले.

आम्ही मात्र त्या दारात सुखाने राहिलो. दुपारी शेडमधून यजमानांनी हात हलवला की मी भाजी फोडणीला टाकायची. उन्हाळ्यात धावपट्टीवरून वारा सरळ घरात येई. शकुनने त्याच उंबऱ्यावर बसून अभ्यास केला आणि शाळेत मास्तरीण झाली.

एकसष्ट साली कॉलनीच्या कमिटीने धावपट्टीच्या बाजूने, सगळ्या घरांच्या समोरून एक लांब भिंत घालायचे ठरवले. गुरे येतात, असे कारण कागदावर होते. खरे कारण सगळ्यांना ठाऊक होते. दारे बुजवूनही ह्यांची भीती जात नव्हती. मोरोपंत कमिटीचे अध्यक्ष होते. यजमान सभेत म्हणाले, भिंत घाला, पण मधात एक फाटक ठेवा. मोरोपंत म्हणाले, "फाटक ठेवलं तर मंग भिंत कायले?" सगळे हसले. भिंत झाली, माणसापेक्षा उंच, वर काचा रोवलेली. यजमान वळसा घालून कामावर जाऊ लागले आणि दुपारचा हात हलवणे बंद झाले.

त्रेसष्टच्या डिसेंबरात, सुट्टीच्या दिवशी, जेवता जेवता यजमानांच्या छातीत कळ आली. घाम फुटला, बोलणे थांबले. चिंतामण त्या दिवशी परगावी होता. कॉलनीत गाडी कोणाकडेच नव्हती. गाडी होती ती शेडमध्ये, आग विझवायची जीप, आमच्या दारातून दिसेल इतक्या जवळ. दिसेल म्हणते, पण मध्ये भिंत होती. शकुनने बाज भिंतीला लावली आणि काचांवरून पलीकडे उडी टाकली. दोन्ही तळहात फाटले. तशीच ती धावपट्टी ओलांडून पळाली. जीप चालवणारे खुशालराव गावंडे पंगतीला बसावे तसे नुकते डबा उघडून बसले होते. डबा टाकून त्यांनी जीप काढली आणि सरळ धावपट्टी तुडवत भिंतीपाशी आणली. मला भिंतीआडून इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. यजमानांनाही येत होता, कारण त्यांनी त्या बाजूला मान वळवली. खुशालराव पलीकडून ओरडले, "वयनी, दम धरा, मी चक्कर मारून येतो." चक्कर म्हणजे मोठ्या रस्त्याने. कापसाचा हंगाम होता. बाजारात जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग रस्त्यावर लागलेली, एकही गाडी हटेना. जीप मोरीच्या दाराशी आली तेव्हा यजमान गेले होते.

ते वाचलेच असते असे मी म्हणत नाही, कारण मी डॉक्टर नाही. जीप दारात उभी होती आणि माणूस खोलीत होता, आणि दोघांच्या मध्ये कमिटीची भिंत होती, एवढेच मी म्हणते. तेराव्याला मोरोपंत आमच्याच पाटावर बसून, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कमलाकांतले मी पहिलेच सांगतलं होतं." जेवणाऱ्यांनी माना हलवल्या. मी लाडू वाढत होते. ते ताट उचलून त्यांच्या डोक्यावर घातले नाही, याचा पश्चात्ताप मला आजही होतो.

त्या दिवसापासून शकुन अपशकुनी झाली. नाव तिच्या बापाने हौसेने ठेवलेले. तीन चांगली स्थळे आली आणि कॉलनीत चौकशी करून परत गेली. तिच्या तळहातावरचे वण पाहून एका बाईने विचारले, मुलीला काही रोग आहे का? बापासाठी काचांवर हात ठेवणाऱ्या मुलीला ही विचारपूस. तिने आता लग्नाचा विषय बंद केला आहे, आणि तिला तो उघडायला कोणी सांगू नये.

कलम ४. आता चिंतामण. दोन वर्षांपूर्वी सून अनुपमाचे पोट सहाव्या महिन्यात पडले. तिचे दुःख मी जवळून पाहिले आहे, त्याबद्दल वाकडा शब्द लिहिणार नाही. पण चिंतामण मोरोपंतांकडे गेला आणि त्यांनी बोट दाखवले ते समोरच्या दाराकडे. मी अमरावतीला माहेरी गेले होते, शकुन शाळेत होती. परत आले तर दार नाही. विटा, चुना आणि त्यावर लटकवलेले कॅलेंडर. मला म्हणाला, "आई, वास्तू दुरुस्त करून घेतली." ज्या दाराकडे मान वळवून त्याचा बाप गेला, ते दार त्याने कॅलेंडरखाली झाकले. मी त्याला त्या दिवशी काही बोलले नाही. आज लेखी बोलते.

सबब चिंतामणला मी पुढीलप्रमाणे देते. त्या दारात लावलेल्या सर्व विटा, अखंड आणि फुटक्या. त्याने स्वतःच्या खिशातून आणल्या होत्या, त्या त्याच्याच. त्याने त्या पंधरा दिवसांत उचलून न्याव्यात.

कलम ५. अनुपमाला माझा तांब्याचा बंब, मोठी परात आणि जरीचे लुगडे. दार बुजवताना ती एकटी म्हणाली होती की आत्याबाईंना विचारा. तिचे कोणी ऐकले नाही, पण मागाहून कानावर आले ते मी ऐकून ठेवले आहे.

कलम ६. यजमानांच्या पान्यांचा संच खुशालरावांना द्यायचा होता. ते या मृत्युपत्राला साक्षीदार असल्याने देता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून तो मी परवाच त्यांच्या हातात दिला. ते घ्यायला तयार नव्हते. त्यांना अजून वाटते की त्या दिवशी बैलगाड्या रस्त्याखाली लोटायला हव्या होत्या. खुशालराव, हे तुमच्यासाठी लिहिते, तुमची काही चूक नव्हती.

कलम ७. माझ्या घरासमोरच्या भिंतीबाबत. तालुक्याच्या मोजणीदाराकडून मी रीतसर मोजणी करून घेतली. माझ्या घरापुरती ती भिंत माझ्या जागेत दीड हात आत आहे. ती जागा मी शकुनला देते, आणि तिच्यावरची भिंत पाडण्याचा हक्कही. यजमानांची लोखंडी पहार पलंगाखाली आहे, ती तिचीच समजावी. कमिटीने हरकत घेतली तर मोजणीचा नकाशा दाखवावा, नकाशा पटला नाही तर पहार दाखवावी.

कलम ८. मी मेल्यावर विटा काढून समोरचे दार उघडावे. मला मोरीच्या बाजूने नेऊ नये. समोरच्या दाराने, पाडलेल्या भिंतीतून, धावपट्टीच्या कडेकडेने न्यावे. दक्षिण ही मेलेल्यांची दिशा असे तुम्ही जन्मभर सांगत आलात, तर मेलेल्या बाईला तरी तिकडून जाऊ द्या. चिंतामणने अग्नी द्यावा. मुलगा आहे, तो हक्क मी काढून घेत नाही. पण त्याने त्याच दारातून चालत यावे.

पुरवणी. वरील आठ कलमांचा मसुदा परवा मी शकुनला वाचायला दिला. तिने शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "आई, तू मेल्यावर दार उघडून वारा कोणाले लागणार?" तिने पलंगाखालची पहार काढली, कॅलेंडर उतरवून घडी केले आणि पहिला घाव घातला. दुसरा मी घातला. विटा अंगणात चिंतामणच्या नावाने रचून ठेवल्या आहेत. म्हणून कलम ८ मधील 'मी मेल्यावर विटा काढून समोरचे दार उघडावे' हे वाक्य रद्द समजावे. बाकी कलम कायम.

दुसरे साक्षीदार म्हणून मी मोरोपंत नानोटी यांना बोलावले. साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, आतला मजकूर वाचायची गरज नसते. तरी मी त्यांना सगळा वाचायला लावणार हे ठरवले होते. नाही आलात तर भिंतीचा दावा उद्याच लावते, असा निरोप धाडला. ते आले, पण मोरीच्या दाराशी. कडी वाजवून म्हणाले, "वहिनी, उघडा." मी आतून सांगितले की साक्ष द्यायची असेल तर समोरून या. मग खुशालराव बाहेर गेले आणि त्यांचा हात धरून भिंत आणि घरे यांच्या मधल्या बोळाने त्यांना घेऊन आले. पंत आता थकले आहेत, नजर अधू झाली आहे. उंबऱ्यापाशी थांबले, जोडे काढले आणि आत आले. तेराव्याला बसले होते त्याच जागी बसून त्यांनी सगळे वाचले. वाचून झाल्यावर त्या दाराकडे पाहत म्हणाले, "भिंत पाडायले मोजणीची गरज नाही, वहिनी. मी कमिटीले सांगतो." मी म्हटले, आधी सही करा. माझा राग अजून आहे, तो सहीने जात नाही. प्रत्येक साक्षीदाराने आपण कोणत्या दाराने आलो ते आपल्या हाताने लिहावे, अशी अट मी घातली.

ठिकाण : घर नंबर अकरा, विमान कॉलनी, अकोला.
तारीख : ११ फेब्रुवारी १९६८, रविवार.

सही : सिंधू कमलाकांत पातूरकर

साक्षीदार पहिला : बाईंनी आमच्या समोर सही केली. मी समोरच्या दाराने आलो. याच्या आधी येता आले नाही.
खुशालराव गावंडे, जीप ड्रायव्हर

साक्षीदार दुसरा : बाईंनी शुद्धीवर असताना, आमच्या देखत सही केली. मी <s>मागच्या</s> समोरच्या दाराने आत आलो. एक शब्द खोडला आहे, तो माझ्याच हाताने खोडला, म्हणून त्यावर वेगळी सही करतो.
मो. नानोटी
मोरोपंत नानोटी