जंगूदादाचे सुतक

ता. ४ मे १९२८, शुक्रवार. दुपारी.

गांधारी नदीच्या काठच्या मळ्यात सिनेमाचा तंबू लागला. सकाळपासून बैलगाडीवर ढोल बडवीत जाहिराती वाटणे चालू आहे. खेळाचे नाव 'गोदीचा राजा'. मुंबईच्या गोदीतला जंगूदादा नावाचा हमाल टोळी जमवतो आणि गुंडांचा राजा होतो म्हणे. सोळा रिळे! काढणारे डायरेक्टर विसूभाऊ करमळकर. साठी उलटलेला गृहस्थ. आजवर देवादिकांचे खेळ काढले आणि आता म्हातारपणी हे.

निश्चय केला. खेळ बंद पाडायचा. शिवाय आजपासून चहा एकच वेळ, आणि रोज एक तास इंग्रजी वाचन.

मामलेदारसाहेब ह्यांच्याशी पत्ते खेळायला आले होते, त्यांना तिथेच गाठले. ते म्हणाले, वहिनी, न पाहता लायसेन्स कसे काढून घेऊ? तुम्ही पाहा, रिपोर्ट द्या. तंबू इथून पोलादपूरला जायचा आहे. तुमचा रिपोर्ट वाईट आला तर पोलादपूरची परवानगी देत नाही.

म्हणजे सगळे माझ्या हाती आले. हे पानांतून डोके वर न काढता म्हणाले, तुला अर्धाच पाहून भागेल. मी सांगितले की कॉलेजच्या दोन वर्षांत मी एकही पुस्तक अर्धे टाकले नाही.

ता. ५ मे. सकाळी ७.

काल रात्री पाहणी केली. घरची खुर्ची नेली, ठमाबाईला सोबत घेतले. (ती आमच्याकडे स्वयंपाकाला. मूळची पोलादपूरकडच्या वाडीतली.) मध्ये पडदा, एकीकडे बायका, एकीकडे पुरुष. मशीन एकच, त्यामुळे दर रिळाला खेळ थांबतो, बत्ती लागते, विड्या पेटतात आणि वाद सुरू होतात.

मुके चित्र. मध्ये मध्ये पडद्यावर अक्षरे येतात. वाचता येणारे थोडे, म्हणून तंबूचा महिपत नावाचा माणूस कर्णा तोंडाला लावून ती मोठ्याने वाचतो. घसा बसलेला. जंगूदादा आईला म्हणतो, "आई, ह्या गोदीत माझ्या शब्दाशिवाय दोरखंड सुटत नाही." महिपतने ते कांदे विकावेत तसे म्हटले. वाक्य वाया गेले. अर्थात वाक्य निंद्यच आहे.

ठमाबाईचा भाऊ दत्ताराम पुरुषांत पुढे बसला होता. गिरणीत असतो. संपामुळे गिरण्या बंद, म्हणून गावी आला आहे. ह्याने हा खेळ मुंबईत अनेकदा पाहिलेला. गळ्यात जंगूसारखा लाल रुमाल, गाठ डाव्या बाजूला. असे रुमाल आणखी बरेच दिसले. एक म्हातारा म्हणाला, "लय लांबवलान रे. डायरेक्टर म्हातारा झाला, कातरी कुठं ठेवली ती गावत नसंल." त्यावर दत्ताराम: "घाई हाय तर कशेडीचा घाट चढायला जा, आबा. हितं राजा बसलाय."

बाराव्या रिळाला उठले. कंटाळा आला म्हणून नव्हे. कंदिलातले तेल संपत आले होते. परंतु शेवट पाहिल्याशिवाय रिपोर्ट देणे अन्यायाचे होईल.

ता. ६ मे, रविवार.

पूर्ण पाहिला. कंदिलात जादा तेल घालून नेले होते. शेवटी जंगूचा जिवलग दोस्तच फितूर होतो. गोदीच्या पायऱ्यांवर गोळी लागून जंगू आईच्या मांडीवर प्राण सोडतो. नदीच्या पात्रातली धूळ फार उडते. माझ्या डोळ्यांतून पाणी आले. ठमाबाईच्याही डोळ्यांत धूळ गेली असावी. ती तर हुंदके देत होती.

रिपोर्टाला आरंभ केला. "सदर खेळ अत्यंत अनिष्ट" इथपर्यंत लिहिले. डोके दुखू लागले. चहा दोन वेळ, पण दुसरा औषध म्हणून.

ता. ८ मे. सकाळी.

काल परत जावे लागले. दोस्त नेमका कोणत्या रिळात फितूर होतो, ते रिपोर्टात चुकायला नको.

ठमाबाईकडून एक अघोरी प्रकार कळला. दत्ताराम आणि त्याच्या मंडळींनी जंगूदादाचे सुतक धरले आहे! मासळी बंद. घरात सुकट भाजायला घेतली तर दत्ताराम ताटावरून उठला. मी विचारले, किती दिवस चालणार हा वेडेपणा? ठमाबाई म्हणाली, "तीनच दिस. सक्खा नाय ना तो."

ह्याला म्हणतात अज्ञान. पडद्यावरच्या सावलीसाठी जिभेवरची मासळी सोडणारे लोक! संध्याकाळी रिपोर्ट पुरा करणार.

ता. ९ मे. दुपारी ३.

काल संध्याकाळी रिपोर्ट पुरा झाला नाही, कारण तंबूचे मालक रावजी आले. काकुळतीला आलेले. महिपतचा घसा पार गेला. उद्यापासून कोण वाचणार? बाहेरचे वाचतील त्यांना कर्ण्यातून आवाज काढता येत नाही. म्हणाले, "वकिलीणबाई, तुमचा आवाज तर कोर्टापर्यंत जातो असं ऐकलंय." हे आत खोकले.

आणि मला एकदम उमगले. खेळ बंद पाडणे हा क्षुद्र उपाय. खेळ सुधारणे हा खरा. चित्रे त्यांची, पण शब्द तर माझ्या तोंडून जाणार! मी अट घातली की जे वाचणे योग्य तेच वाचीन. रावजी म्हणाले, "तुमी वाचाल तेच योग्य." समंजस माणूस. रिपोर्टाचे विचारत होते. म्हटले, बघू.

ता. ११ मे, शुक्रवार.

दोन रात्री वाचले. अपूर्व यश. पडद्यावर आले, "उद्यापासून ह्या गोदीवर माझे राज्य." मी वाचले, "उद्यापासून मी रोज पहाटे उठून व्यायाम करीन." तंबूभर शिट्ट्या. व्यायामाविषयी लोकांत एवढी आस्था असेल असे वाटले नव्हते.

जंगू दारूची बाटली फोडून शत्रूवर धावतो, तिथे मी वाचले, "ही दारू! हिला मी आजपासून फोडून टाकतो!" टाळ्या थांबेनात. पुरुषांतून कोणीतरी ओरडले, "आणखी येक फोड, दादा!" दारूबंदीचे काम इतक्या सोप्या रीतीने होते हे सरकारला कळवले पाहिजे.

इंग्रजी वाचन राहिले. दिवसा घशाला विश्रांती देत आहे.

ता. १३ मे, रविवार.

गर्दी दुप्पट. पोलादपुराहून गाड्या जुंपून लोक येत आहेत. खेळ सोळा रिळांचा असून कोणी मध्ये उठत नाही. तो आबा म्हातारासुद्धा रोज येतो आणि रोज लांबीची तक्रार करतो. काल दिवा लागल्यावर एक पोरगेलासा गडी म्हणत होता, "बाईचा दम बघ रे! जंगू परतेक्षात आला तरी ह्या बाईला भिल." आदर आहे लोकांत.

बाजारात गेले तर कोळणी बाजूला सरल्या. एक म्हणाली, "सरा गो, दादा आला." मागे वळून पाहिले, कोणी नव्हते. बोंबील मात्र स्वस्त लावून दिले.

रावजी तंबूचा मुक्काम वाढवणार आहेत. नीतीला गिऱ्हाईक असते हे सिद्ध झाले. रिपोर्टाचा पहिला कागद फाडून टाकला. अक्षर बरे नव्हते.

ता. १४ मे. सकाळी ६.

झोप लागली नाही. केवळ कलेच्या दृष्टीने विचार करते आहे. शेवट चुकला आहे. माणूस पहाटे उठतो, व्यायाम करतो, दारू सोडतो, चौदाव्या रिळात तर मी त्याच्याकडून आईला वाचायला शिकवून घेतले. अशा सुधारलेल्या माणसाला गोळी? मग लोकांनी सुधारायचे कशाला? त्या दोस्ताला का नाही मारले? आईने म्हातारपणी कोणाकडे पाहायचे?

करमळकरांना मुंबईला पत्र टाकले. आपला हात अजून चांगला आहे, परंतु शेवट घाईने उरकला आहे. नवा शेवट काढून पाठवावा, तंबू महिनाअखेर पोलादपुरात असेल. उत्तरासाठी तिकीट सोबत घातले.

ह्यांना वाचून दाखवले. म्हणाले, सोळा रिळांत उरकला त्याला घाई म्हणतात? ह्यांना कलेचे अंग नाही.

ता. १५ मे. दुपारी.

करमळकरांचे उत्तर इतक्यात येणे शक्य नाही. तोवर रोज रात्री एका सद्गृहस्थाचा खून होऊ द्यायचा? आज मीच काय ते करते. लोक आनंदाने नाचतील.

ता. १६ मे. सकाळी १०.

काल घडले ते शांतपणे नोंदवते.

जंगू पायऱ्यांवर कोसळला. मी कर्णा उचलला आणि स्वच्छ वाचले, "जंगूला उन्हाने भोवळ आली. औषधपाण्याने तो बरा झाला आणि पुढे रत्नागिरीस जाऊन त्याने वाचनालय काढले."

मग दत्ताराम उभा राहिला. "वो वकिलीणबाय! भोवळ काय? गोळी लागली त्याला! मेला तो मेला!"

मी पुन्हा वाचले, "भोवळ."

मागून दुसरा म्हणाला, "मग आमी सुतक धरला तो काय फुकट? तीन दिस भात नुसता ताकात कालवून खाल्ला!" बायकांतून बाजारातली कोळीण राहीबाई ओरडली, "समोर आये उर बडवतेय नं त्याची! तिला तरी इचारा, भोवळ का गोळी!" मी सांगितले की ती आनंदाने रडते आहे. हे थोडे घाईत सुचले.

तेवढ्यात आबा म्हातारा उठला. "जगू दे रे! बाई बोलतेय तर जगू दे. जगला तर जगला." दत्तारामने विचारले, "जगला तर उद्या परत मरंल कसा? आमी उद्याची तिकिटं काढलीत." इथून दोन तट पडले. जगवणारे आणि मारणारे. लाल रुमाल दोन्हीकडे. पुढचे मला नीट दिसले नाही, कारण कोणीतरी मधल्या खांबाला धरले आणि तंबू आमच्या अंगावर आला. खालून आबाचा आवाज, "आता तरी संपला का रे?"

कोणाला इजा नाही. माझ्या खुर्चीचा एक पाय गेला. कर्णा मी सोडला नाही.

ता. १६ मे. रात्री जेवणापूर्वी.

मामलेदारसाहेब चौकशीला येऊन गेले. रावजींचे तोंड पांढरे पडले होते. पोलादपूर गेले तर पावसाळाभर खायचे काय, म्हणत होते. मी त्यांना धीर दिला आणि साहेबांच्या हाती रिपोर्ट ठेवला. स्वच्छ अक्षरात, एकच वाक्य: "खेळ बंद करण्याचे कारण नाही, शेवट तेवढा बदलण्याचा हुकूम व्हावा."

साहेबांनी वाचून घडी घातली. म्हणाले, मी स्वतः एकदा पाहतो. माझ्या शब्दाला किती वजन आहे ते ह्यावरून दिसते.

ता. १८ मे, शुक्रवार.

हुकूम झाला. पत्त्यांच्या वेळी साहेब स्वतःच घेऊन आले. खेळात आक्षेपार्ह काही नाही. गुन्हेगार शेवटी मरतो, त्यामुळे नीतीची हानी होत नाही. पोलादपूरची परवानगी मंजूर. एकच अट: अक्षरे महिपतने वाचावीत, आणि वकिलीणबाईंच्या हाती कर्णा देऊ नये.

ह्यांनी तो हुकूम मोठ्याने वाचला. मग नीट ऐकू आले नसेल म्हणून परत वाचला. साहेब पाने पिसत म्हणाले, वहिनी, राग मानू नका. तुम्हीच म्हणाला होता ना, जनतेवर वाईट परिणाम होतो तो थांबवा म्हणून?

निश्चय: सिनेमा ह्या विषयाशी माझा संबंध संपला. चहा एकच वेळ. इंग्रजी उद्यापासून.

ता. २० मे.

करमळकरांचे उत्तर नाही. तिकीटही परत नाही.

तंबू गेला. मळ्यात खांबांचे खड्डे तेवढे दिसतात. नदीकडे फिरायला गेले होते, म्हणून दिसले.

ता. २२ मे, मंगळवार. दुपारी.

काल पोलादपूरला गेले होते. ठमाबाईच्या आईची तब्येत पाहायची होती. तब्येत ठणठणीत निघाली. गावातच तंबू होता. रात्री परतीची मोटार नसल्याने वेळ कुठे काढावा हा प्रश्नच होता.

खुर्ची नेली नव्हती. बायकांत मागे खाली बसले, पदर ओढून. तरी दत्तारामने ओळखलेच. दिवा लागला तेव्हा त्याच्या पोरीच्या हाती बसायला घोंगडी पाठवली.

महिपतचा घसा सुधारला आहे. जसे लिहिले होते तसेच वाचले. जंगू पायऱ्यांवर आला तेव्हा मी मनातल्या मनात एकदा "भोवळ" म्हणून पाहिले. उपयोग झाला नाही. पोलादपुरातही धूळ फार आहे.

आज घरी आले तो ठमाबाईने ताजे बोंबील तळले होते. ह्यांनी दोनदा वाढून घेतले. मला नको म्हटल्यावर ह्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, आज काय वार आहे?

म्हटले, उन्हाळ्यात मासळी बाधते. तीन दिवस तरी नको.